रद्दीतून इतिहास वेचणारा टपाल कारकून

तुमच्या लोकांना इतिहासच नाही, असं शाळेत ऐकावं लागलेला एक मुलगा. त्याने त्यावर भांडण केलं नाही. आयुष्यभर पुरावे गोळा केले. आज न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्याच्या नावाने उभ्या असलेल्या संग्रहात एक कोटी दहा लाखांहून जास्त वस्तू आहेत. भेटूया आर्तुरो शोम्बर्गला.

मागच्या सेमिस्टरला एका असाइनमेंटसाठी मी माझ्या आईच्या कॉलेजात गेले होते. तिची पहिली कविता तिथल्या वार्षिकांकात छापून आली होती, असं ती लहानपणापासून सांगायची. म्हटलं, तो अंक शोधू, फोटो काढू, आईला सरप्राइज देऊ. लायब्ररीतल्या काकांनी दोन कपाटं उघडून दाखवली आणि मग हळूच सांगितलं की दहा-बारा वर्षांपूर्वी रंगकाम निघालं तेव्हा जुने अंक रद्दीत गेले. किलोवर. विषय संपला.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली की मग आता तू माझ्यावर विश्वास ठेवायचा. पण मला ते हसू लागलं कुठेतरी. कविता होती, अंक होता, नाव छापलेलं होतं. आता फक्त आईचा शब्द उरला. कागद गेला की माणसाचं म्हणणं नुसतं म्हणणं होऊन बसतं.

एका आईच्या एका कवितेचं हे असं होत असेल, तर एका अख्ख्या समाजाचे कागद गेले तर? किंवा ते कुणी कधी जपलेच नाहीत तर? हा प्रश्न डोक्यात असताना मला आर्तुरो शोम्बर्ग सापडला. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं, पण जगभरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे नाव पहिल्या पाचात येणारच.

गुलामगिरी संपून दहा महिने झाले होते

कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको बेट तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली २२ मार्च १८७३ रोजी. आणि त्यानंतर जेमतेम दहा महिन्यांनी, २४ जानेवारी १८७४ रोजी, सान हुआन शहराजवळच्या सान्तुर्से भागात आर्तुरोचा जन्म झाला. आई मेरी जोसेफ, सेंट क्रॉय बेटावरून आलेली स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. वडिलांकडून जर्मन आडनाव मिळालं. म्हणजे बघा, आजूबाजूच्या कितीतरी मोठ्या माणसांनी आयुष्याचा बराच भाग कुणाची तरी मालमत्ता म्हणून काढलेला, आणि त्यांच्यात हे पोर वाढत होतं.

शाळेतला तो प्रसंग शोम्बर्गच्या प्रत्येक चरित्रात सांगितला जातो. पाचवीच्या आसपासचा वर्ग. गोऱ्या मुलांना आपापल्या पूर्वजांचे पराक्रम माहीत होते, सणावारी ते मिरवायचे. आर्तुरोने आपल्या लोकांबद्दल विचारलं, तेव्हा शिक्षकांकडून उत्तर मिळालं की काळ्या लोकांना ना इतिहास, ना वीर, ना मोठी कामगिरी.

आता खरं सांगा, आपण काय केलं असतं? चिडलो असतो, रडलो असतो, किंवा गप्प बसून ते खरं मानलं असतं. बहुतेक मुलं तिसरा रस्ता धरतात आणि शाळेने एकदा मनात घातलेलं निघता निघत नाही. आर्तुरोने चौथा रस्ता धरला. शिक्षक चुकीचे आहेत हे त्याला दाखवायचं होतं, आणि तेही कागदासकट.

सतराव्या वर्षी न्यूयॉर्क

एप्रिल १८९१. सतरा वर्षांचा आर्तुरो न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. त्या काळी क्युबा आणि पोर्तो रिकोला स्पेनपासून स्वतंत्र करायची चळवळ न्यूयॉर्कमधूनच चालायची. सिगार वळणारे कामगार, छापखान्यातले जुळारी, पत्रकार, कवी असे सगळे एकत्र. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, तो लास दोस आन्तियास, म्हणजे दोन बेटं, या नावाच्या क्रांतिकारी मंडळाच्या स्थापनेत होता आणि त्याचा सेक्रेटरी होता. वय अठरा! आपण त्या वयात कॉलेज फेस्टच्या कमिटीत असतो.

१८९८ मध्ये स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध झालं. स्पेन गेला, पण पोर्तो रिको स्वतंत्र झालं नाही, अमेरिकेच्या ताब्यात गेलं. ज्या स्वप्नासाठी तारुण्य घातलं ते असं विरून गेलं. त्यानंतर आर्तुरो हळूहळू अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या प्रश्नांकडे वळला. सही करताना पुष्कळदा आर्थर असं इंग्रजी नाव लिहायला लागला. यावरून त्याला टोमणेही बसले. पोर्तो रिकोच्या काही लोकांना वाटायचं हा आपल्याला सोडून गेला, आणि हार्लेममधल्या काहींना हा स्पॅनिश बोलणारा परका वाटायचा. ही दोन दगडांवरची कसरत त्याने जन्मभर केली. पण पुढे हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा ठरला. कारण त्याचा इतिहास फक्त अमेरिकेपुरता राहिलाच नाही.

दरम्यान पोटापाण्याचं काय? एका वकिलांच्या फर्ममध्ये निरोप्या-कारकून. तिथे कायद्याची गोडी लागली. वकिलीकडे जाणाऱ्या परीक्षेला बसायची परवानगी त्याने मागितली. नाकारली गेली. कारण? शाळेत शिकल्याचे दाखले नव्हते.

हे वाचून मी थांबले. इतिहासाचे पुरावे जमवणारा हा माणूस स्वतःच्या शिक्षणाचा कागद दाखवू शकला नाही. मार्कशीट, लिव्हिंग, नॉन-क्रीमीलेअर यांच्या झेरॉक्स घेऊन रांगेत उभं राहिलेल्या आपल्या पिढीला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. एक कागद नसला की काय होतं, ते त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं.

दिवसा बँक, संध्याकाळी रद्दीची दुकानं

१९०६ मध्ये तो वॉल स्ट्रीटवरच्या बँकर्स ट्रस्ट कंपनीत लागला. टपाल विभागात. स्पॅनिश येत असल्यामुळे परदेशी टपाल त्याच्याकडे आलं. तेवीस वर्षं त्याने ही नोकरी केली, १९२९ पर्यंत. पदवी नाही, प्रोफेसरकी नाही, कुठली फेलोशिप नाही. दिवसभर पाकिटं लावायची आणि सुटी झाली की जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायची.

त्याची एक युक्ती भारी होती. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकवाल्यांना कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांची किंमतच माहीत नव्हती. कुणी मागतच नव्हतं, त्यामुळे ती धूळ खात कोपऱ्यात पडलेली. आर्तुरो ती स्वस्तात उचलायचा. युरोपातल्या विक्रेत्यांना पत्रं लिहायचा. परदेशी जाणाऱ्या मित्रांच्या हातात यादी द्यायचा. जगाने कचरा म्हणून बाजूला टाकलेलं एकेक पान त्याच्या घरी येत होतं.

काय काय होतं त्यात? एकच नमुना घेऊ. फिलिस व्हीटली. ही मुलगी १७६१ मध्ये आफ्रिकेतून जहाजातून बोस्टनला आणून विकली गेली, सात-आठ वर्षांची असताना. ती इंग्रजी शिकली, कविता लिहायला लागली. १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. पण एका गुलाम मुलीने कविता लिहिल्या यावर कुणाचा विश्वास बसणार? म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांच्या सह्यांचं एक प्रमाणपत्र छापावं लागलं की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. सही करणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर होते. कविता तिची आणि दाखला दुसऱ्यांचा! शोम्बर्गला अशा पुस्तकांची किंमत का वाटत होती, ते यावरून कळतं.

त्याच्या संग्रहात हैतीच्या क्रांतीचा सेनानी तूसाँ लूव्हर्त्यूर याची कागदपत्रं होती. गुलामांनी बंड करून स्वतःचा देश उभा केला, १८०४ मध्ये, त्या क्रांतीचा हा नेता. बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी काढलेली पंचांगं होती. सोळाव्या शतकात स्पेनच्या ग्रानादामध्ये लॅटिन शिकवणाऱ्या, लॅटिनमध्येच काव्य करणाऱ्या हुआन लातिनोचं पुस्तक होतं. म्हणजे शाळेतल्या त्या शिक्षकांना द्यायचं उत्तर एका देशाचं नव्हतंच. स्पेन, हैती, क्युबा, ब्राझील, अमेरिका, आफ्रिका. जहाजांनी जिथे जिथे माणसं नेऊन टाकली, तिथे तिथे त्यांनी काहीतरी निर्माण केलं होतं. आज आपण डायस्पोरा हा शब्द सहज वापरतो. शोम्बर्गने तो एकेका पुस्तकाने बांधून दाखवला.

१९११ मध्ये त्याने पत्रकार जॉन एडवर्ड ब्रूस यांच्यासोबत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संशोधनासाठी एक मंडळ काढलं. १९१३ मध्ये पेनसिल्व्हेनियात शिक्षकांसमोर भाषण करताना त्याने थेट मागणी केली की शाळा-कॉलेजांत आपल्या इतिहासाचं अध्यासन हवं. हा विषय विद्यापीठांत सर्रास शिकवला जाऊ लागायला त्यानंतर पन्नासेक वर्षं लागली.

आणि घर? ब्रुकलिनमधल्या घरात पुस्तकं खोल्याखोल्यांत पसरलेली. त्याची तीन लग्नं झाली, पहिल्या दोन बायका लवकर वारल्या, आणि योगायोग असा की तिघींचंही नाव एलिझाबेथ. मुलंबाळं, कारकुनाचा पगार, आणि त्यात दर आठवड्याला येणारी नवी पुस्तकं. घरात यावरून काय बोललं जात असेल, याचा अंदाज पुस्तकवेड्या माणसाच्या घरात राहिलेल्या कुणालाही करता येईल.

हार्लेमच्या लायब्ररीत

१९२०च्या दशकात हार्लेममध्ये कला-साहित्याची लाट आली. तिलाच आपण हार्लेम रेनेसाँ म्हणतो. १३५व्या रस्त्यावर सार्वजनिक वाचनालयाची एक शाखा होती. ग्रंथपाल अर्नेस्टिन रोझ आणि कॅथरीन लॅटिमर यांनी तिथे कृष्णवर्णीयांच्या साहित्य, इतिहास आणि चित्रांचा वेगळा विभाग १९२५ मध्ये सुरू केला. लॅटिमर या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतल्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. त्याच वर्षी शोम्बर्गचा गाजलेला निबंध आला, द नीग्रो डिग्ज अप हिज पास्ट. ज्याला भविष्य घडवायचंय त्याला आधी स्वतःचा भूतकाळ उकरून काढावा लागेल, हा त्याचा गाभा.

पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये, कार्नेगी कॉर्पोरेशनने १० हजार डॉलर दिले आणि शोम्बर्गचा संग्रह या लायब्ररीत आला. पाच हजारांवर पुस्तकं, तीन हजार हस्तलिखितं, दोन हजार मुद्राचित्रं आणि व्यक्तिचित्रं, शिवाय कित्येक हजार पुस्तिका. सुटं सुटं विकलं असतं तर एकेक दुर्मीळ पुस्तक कुठल्या तरी श्रीमंताच्या काचेच्या कपाटात गेलं असतं. पण ते सगळं एकत्र, आणि कुणालाही हात लावता येईल अशा ठिकाणी गेलं. हार्लेममधल्या शाळकरी पोरांना आता इतिहास आहे की नाही हे विचारायची गरज नव्हती. जिना चढायचा आणि बघायचं.

मिळालेल्या पैशांतून त्याने काय केलं असेल? युरोपचं तिकीट काढलं! सेव्हिलमध्ये त्याने शेकडो वर्षं चालत आलेल्या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक बंधुसंघाची माहिती जमवली. माद्रिदमध्ये त्याने माग काढला हुआन दे पारेखाचा.

ही गोष्ट थोडी सांगायलाच हवी. दिएगो वेलास्केस हा स्पेनचा महान चित्रकार. त्याने १६५० मध्ये रोममध्ये एका सावळ्या, ताठ मानेच्या माणसाचं चित्र काढलं. जगातल्या सर्वोत्तम व्यक्तिचित्रांत ते गणलं जातं. तो माणूस म्हणजे पारेखा, वेलास्केसच्या स्टुडिओत काम करणारा त्याचा गुलाम. त्याच वर्षी वेलास्केसने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. पुढे पारेखा स्वतः चित्रकार झाला. १६६१ मधलं त्याचं मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात एका कडेला त्याने स्वतःला रंगवलंय, हातात सहीचा कागद धरून. जगाला वेलास्केसने काढलेला पारेखा माहीत होता. पारेखाने काढलेला पारेखा शोधायला मात्र ब्रुकलिनचा टपाल कारकून गेला, आणि परत येऊन त्याने त्यावर लेख लिहिला.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पारेखावर मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात शोम्बर्गच्या शोधाला मानाची जागा होती. जवळजवळ शंभर वर्षांनी.

विद्यापीठात, पण पदवीशिवाय

१९२९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने बँक सुटली. आता खरं काम करायला तो मोकळा होता. टेनेसी राज्यात नॅशव्हिल इथे फिस्क विद्यापीठ आहे, गुलामगिरी संपल्यावर लगेच, १८६६ मध्ये मुक्त झालेल्या लोकांसाठी सुरू झालेलं. तिथले समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन यांनी त्याला बोलावलं. नव्या लायब्ररीची इमारत उभी होती. तिच्या भिंतींवर चित्रकार ॲरन डग्लस यांनी आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंतचा कृष्णवर्णीयांचा प्रवास रंगवला होता. भिंती तयार होत्या, कपाटं रिकामी.

या विषयावरची तिथली पुस्तकं होती शंभराच्या आसपास. १९३१-३२ मध्ये शोम्बर्ग तिथे क्युरेटर होता. तो निघाला तेव्हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास गेला होता. जो माणूस दाखल्याअभावी परीक्षेला बसू शकला नाही, तो विद्यापीठाचा संग्रह उभा करत होता! नॅशव्हिलमध्ये तेव्हा गोऱ्यांसाठी वेगळं आणि काळ्यांसाठी वेगळं असा कायदाच होता. अशा शहरात स्वतःच्या लेखकांची साडेचार हजार पुस्तकं एका छताखाली मिळणं म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी काय असेल, विचार करा.

१९३२ मध्ये तो हार्लेमला परतला. आता स्वतःच्याच संग्रहाचा क्युरेटर म्हणून. मधे क्युबाला जाऊन तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकंही घेऊन आला.

आणि इथे एक मजेदार भांडण झालं. शोम्बर्गची पुस्तकं लावायची पद्धत त्याची स्वतःची होती, आकार आणि रंगाप्रमाणे. त्याला डोळे मिटूनही पुस्तक सापडायचं, दुसऱ्या कुणाला सापडणं कठीण. जीन ब्लॅकवेल या तरुण ग्रंथपालने सगळं नीट ड्यूई पद्धतीने लावलं. शोम्बर्ग भयंकर चिडला. खरं तर चूक त्याची होती, कारण सार्वजनिक संग्रह एका माणसाच्या आठवणीवर चालत नाही. याच जीन पुढे जीन ब्लॅकवेल हटसन म्हणून प्रसिद्ध झाल्या आणि त्यांनी कित्येक वर्षं हा संग्रह सांभाळला, वाढवला.

पण ड्यूईचीही एक गंमत आहे, आणि ती कळली की कॉलेजच्या लायब्ररीकडे बघायची नजर बदलते. तेव्हा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर ही तरुण ग्रंथपाल असंच काम करत होती. जेसी मूरलँड यांनी १९१४ मध्ये दिलेल्या पुस्तकांपासून ती तिथला संग्रह उभा करत होती. तिच्या लक्षात आलं की अनेक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक, मग ती कविता असो वा आणखी काही, दोनच आकड्यांखाली ढकलतात. ३२५ म्हणजे वसाहती-स्थलांतर आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. म्हणजे तुम्ही प्रेमकविता लिहा, तरी कपाट गुलामगिरीचं! डोरोथीने ते नाकारलं. कविता कवितेत, कला कलेत, इतिहास इतिहासात, अशी तिने मांडणी केली. हाताशी पैसे नसायचे, तर प्रकाशकांकडे, पुस्तकविक्रेत्यांकडे पुस्तकं मागायची. १९७३ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा हॉवर्डचा मूरलँड-स्पिंगार्न संग्रह जगातल्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक झाला होता.

पुस्तक वाचवणं ही पहिली पायरी. ते कुठल्या कपाटात लावायचं, ही दुसरी. आणि लोकांसमोर कसं मांडायचं, ही तिसरी. तिन्ही पायऱ्यांवर कुणाचा तरी निर्णय असतो.

शेवट आणि पुढे

१९३८च्या जूनमध्ये दात काढल्यानंतर शोम्बर्गला जंतुसंसर्ग झाला. ८ जूनला तो गेला. वय चौसष्ट. दोन वर्षांनी, १९४० मध्ये, त्या संग्रहाला त्याचं नाव मिळालं. आज तेच शोम्बर्ग सेंटर. त्याच्या दालनातल्या जमिनीखाली कवी लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी आहेत. लोक येतात, त्या नक्षीवरून चालतात, वर वाचनालयात जातात. २०२० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने शोम्बर्गचं तिकीट काढलं. टपाल कारकुनाचं तिकीट! याहून चांगला मान कुठला?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं हार्लेमचं, आपला काय संबंध? तर ऐका. २०१३ मध्ये याच शोम्बर्ग सेंटरने एक प्रदर्शन भरवलं होतं, भारतात आलेल्या आफ्रिकी लोकांवर. गुलाम म्हणून आले आणि सेनापती, राज्यकर्ते झाले अशांवर. त्यात अर्थातच आपला मलिक अंबर होता. इथिओपियात जन्मलेला, विकत विकत दख्खनला पोहोचलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, मुघलांना जेरीस आणणारा, खडकी शहर म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा. त्याचं नाव आपण चौथीच्या इतिहासात वाचलं, मार्क मिळवले आणि विसरलो. जंजिऱ्याला ट्रिपला गेलो, सेल्फी काढले, सिद्दी कोण होते हे विचारलं नाही. हार्लेमच्या लोकांनी मात्र विचारलं, कारण त्यांच्या दृष्टीने तो त्याच विखुरलेल्या कुटुंबातला होता.

दुसरा धागा आणखी जवळचा आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, शोम्बर्ग त्याच शहरात पुस्तकं वेचत होता तेव्हा. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण भारतातल्या अस्पृश्यांसाठी असंच काही करायचा विचार होता. ड्युबॉइस यांनी उत्तरही दिलं. हा पत्रव्यवहार आज आपल्याला वाचता येतो, कारण ड्युबॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयाने जपून ठेवले. कुणीतरी ते पान रद्दीत टाकलं नाही, म्हणून दोन लढ्यांची ओळख होती हे आपण पुराव्यानिशी सांगू शकतो. ऐकीव गोष्ट म्हणून नाही.

आईची कविता काही मला मिळाली नाही. पण शोम्बर्गची युक्ती वापरून बघतेय. तिच्या बॅचच्या मैत्रिणींची यादी केली, एकेकीला फोन लावतेय, कुणाच्या माळ्यावर तो अंक पडलाय का म्हणून. चौथ्या मावशींनी सांगितलं की ट्रंक उघडून बघते. त्यांच्याकडे निघालाच तर त्यातली फक्त आईची कविता नाही, पूर्ण अंक स्कॅन करणार आहे. कारण त्या अंकात आणखी पन्नास जणांची नावं असतील, आणि त्यांच्या मुलांनाही कुणीतरी कधीतरी विचारेलच की पुरावा काय.

तुमच्या कॉलेजचे जुने अंक कुठे आहेत? पुढचं रंगकाम निघायच्या आत एकदा बघून या.